ते लेकरू

मराठी व्याकरणातली एक गोष्ट मला पहिल्यापासून फार शहाणपणाची वाटत आली आहे. आपल्या भाषेत मूल नपुंसकलिंगी आहे. ते मूल, ते लेकरू, ते बाळ. मुलगा 'तो' आणि मुलगी 'ती'. पण ही वाटणी पुढची. पाळण्यात हातपाय नाचवणाऱ्या जिवाला भाषेने अजून कोणत्याच दावणीला बांधलेले नसते. ते हसते, ते रडते, त्याला भूक लागते. आईच्या तोंडी तर हे 'ते' फार दिवस टिकते. चाळिशीचा मुलगा तापाने फणफणला तरी म्हातारी म्हणते, "लेकराने सकाळपासून काही खाल्ले नाही."

आमच्या वऱ्हाडी बोलीने आणखी एक सवलत ठेवली आहे. पुण्या-मुंबईकडची बाई 'मी जाते' म्हणते. आमच्याकडच्या बाया 'मी जातो व माय' म्हणतात आणि कापूस वेचायला निघतात. दूरच्या माहेराहून आलेली सून आठ दिवस हसते. नवव्या दिवशी तीही 'येतो' म्हणू लागते. भिंतीआडून 'येतो' ऐकले, तर शब्दावरून बाप्या बोलला की बाई, हे आमच्या संग्रामपुरात सांगता यायचे नाही.

हे सारे मला सुचते त्याला कारण माझा व्यवसाय. संग्रामपुरात मी बालवाडी चालवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. लवकर लग्न झाले. संसार सांभाळता सांभाळता बालवाडी काढली आणि दुपारी मुले घरी गेली की त्याच सतरंजीवर बसून कादंबऱ्या लिहू लागले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे खोरे आणि मध्ये आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसे. विहिरींचे पाणी खारे, पण बोलणे तसे गोड. चार वर्षांची मुले माझ्या हाताखालून जातात आणि अठरा-वीस वर्षांनी एस.टी.च्या थांब्यावर "बाई, ओळखलं का?" म्हणून पुढ्यात उभी राहतात. मुलांचे असे दोन्ही वयांत दर्शन घडणे हे बालवाडीच्या बाईचे भाग्य. कधी कधी ते जडही जाते.

आज अशाच एका लेकराविषयी लिहायचे आहे. त्याचे नाव, आळी, जात यांतले मी काहीच सांगणार नाही. त्याच्या संमतीनेच लिहीत आहे. ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मग फराळाला बसतात. तसे समजा. शिवाय हा अंक जितक्या घरांत उघडला जाईल, त्यांतल्या एखाद्या घरी असे लेकरू माजघराच्या कोपऱ्यात गप्प बसलेले असेलच.

ते जन्माने मुलगा. माझ्या बालवाडीत मातीची चूल आहे आणि लाकडी ट्रॅक्टरही आहे. कोणी कशाला हात लावावा याला नियम नाही. मुलगे चुलीवर भाकऱ्या थापतात, मुली ट्रॅक्टर रेटतात, महिन्याभराने उलटे. त्यावरून कोणाचे काही ठरत नाही, हे मी वीस वर्षांहून अधिक काळ पाहत आले आहे. तेव्हा हे लेकरू चुलीपाशी रमे याचे मला नवल नव्हते. नवल वेगळेच होते. आरोग्य केंद्रातून जंताच्या गोळ्या वाटायला माणसे येत आणि म्हणत, "मुलगे इकडे, मुली तिकडे." सगळी पोरे आपापल्या बाजूला पळत. हे मात्र मध्येच उभे राही. विसरून नव्हे, हट्टानेही नव्हे. कोणी आपल्याला आपल्या घराचा पत्ता विचारावा आणि तो सांगता येऊ नये, तसा त्याचा चेहरा होई.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या मुली संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. हे लेकरू आजीच्या पदराला धरून जाई. सगळी गाणी त्याला मुलींहून चांगली पाठ. खिरापत तर ते डब्याच्या खुळखुळण्यावरून सांगे. सात वर्षांचे होईपर्यंत कोणी काही म्हटले नाही. आठव्या वर्षी एका घरच्या बाईंनी दारातच अडवले. "आता मोठा झाला तू. पोरींत काय काम तुह्यं?" मुली आत गेल्या. हे ओट्यावर बसून राहिले. आतून गाणी संपल्याचे कळले, डबा वाजला, आणि हे बाहेरून ओरडले, "फुटाणे!" ते बरोबर होते. आत हशा पिकला. मग कोणी तरी दार लोटून घेतले.

त्याच सुमारास शाळेतला प्रसंग घडला. शाळेचे नाव नको. अशा शाळा गावोगाव आहेत. तिसरीच्या वर्गात प्रत्येकाने उभे राहून स्वतःविषयी पाच वाक्ये सांगायची होती. घरच्या बोलीत 'जातो-येतो'ने सगळ्यांचेच भागते. पण पुस्तकी मराठीत मुलगा 'जातो' आणि मुलगी 'जाते'. हे उभे राहिले आणि म्हणाले, "मी सकाळी लवकर उठते. मी आजीबरोबर फुले तोडते." वर्ग फुटला. गुरुजींनी शिक्षा म्हणून त्याला मुलींच्या रांगेत नेऊन बसवले. मुलग्याला मुलींत बसवणे ही आपल्याकडची जुनी शिक्षा. तिच्यात मुलींचा केवढा अपमान आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या लेकराला ती जागा शिक्षा वाटली नाही. त्या दिवशी त्याला जे नाव पडले, ती शिक्षा. ती पुढे सात वर्षे चालली.

मुलांच्या मुतारीत जायचे त्याला धाडस होईना, मुलींकडे जाण्याची सोय नाही. मग ते शाळेत पाणीच पिईना. मार्च-एप्रिलमधले आमच्याकडचे ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको. बाटली भरून जाई आणि भरलेलीच परत येई. आईला वाटे, पाणी खारे म्हणून पीत नाही.

बाप वाईट माणूस नव्हे. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, डोक्यावर सोसायटीचे कर्ज. त्याला लोकांची भीती वाटे, आणि भीती वाटली की तो रागावे. दर पंधरा दिवसांनी लेकराचे केस बारीक कापून आणी. "पाय मोकळे टाकून चाल," म्हणून अंगणात चालवून पाही. एका भगताकडे नेले; तिथे मिरच्यांची धुरी झाली. शहरातल्या एका डॉक्टरकडे नेले. त्यांनी सांगितले, वय झाले की लग्न करून द्या, सगळे ठीक होईल. धुरी आणि लग्न! ज्याच्याशी लग्न होईल त्या मुलीचा विचार दोघांनीही केला नाही.

तेराव्या वर्षी आवाज फुटू लागला. ज्या गळ्यातून भुलाबाईची गाणी निघत, त्यातून कोणी परकाच बोलू लागला. तेव्हापासून लेकरू बोलेनासेच झाले. त्या काळाविषयी परवा ती मला फोनवर म्हणाली (आता ती 'ती' आहे, म्हणून मीही तसेच लिहिते), "बाई, दुसऱ्याचा सदरा घालून लग्नाला गेल्यासारखं वाटे. सगळे पाहतात, आपण आक्रसतो. बरं, घरी येऊन काढून टाकावा म्हटलं तर तो निघत नाही." डॉक्टर मंडळी या अवस्थेला जेंडर डिस्फोरिया म्हणतात, मराठीत लिंगभावाची अस्वस्थता म्हणता येईल. शब्द कोणताही घ्या, त्याचा अर्थ त्या सदऱ्याइतका मला दुसऱ्या कशानेच कळला नाही.

बारावी झाली आणि ती पुण्याला गेली. एका दुकानात हिशेब लिहिते. तिथे आपल्यासारखी माणसे भेटली, तरी पहिली दोन वर्षे वाईट गेली. खोलीत एकटीच, घरून फोन बंद. एका संध्याकाळी जगणे नकोसे होऊन ती बसली होती. त्याच वेळी शेजाऱ्यांच्या फोनवरून आजी बोलली. म्हातारीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने फक्त विचारले, "लेकरू, जेवलं काय?" जेवला नाही, जेवली नाही, जेवलं. ती सांगते, त्या एका शब्दासाठी उठले आणि खिचडी टाकली. आजी चार वर्षांपूर्वी गेली. असे दिवस कोणा वाचकाच्या घरात असतील, तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि जाणत्या डॉक्टरकडे नेण्यात लाज मानू नका, एवढे जाता जाता सांगून ठेवते.

गेल्या श्रावणात तिची आई माझ्याकडे आली. पदराने कपाळ पुसत सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "बाई, माह्यं काय चुकलं ते सांगा." मग तिने एकेक गोष्ट काढली. आधीची दोन बाळे दगावली म्हणून याचे नाक टोचले होते. मुलीची हौस म्हणून वर्षभर फ्रॉक घातला होता. सातव्या महिन्यात ग्रहण लागले होते. आजीच्या फार नादी लावले. यांतले नेमके कशाने झाले?

मी कादंबऱ्या लिहिते. कादंबरीत हे फार सोपे असते. तिसऱ्या प्रकरणात लहान मुलाच्या बाबतीत काही तरी घडवावे आणि तेराव्या प्रकरणात त्याचे फळ दाखवावे. वाचक म्हणतो, वा, आता उलगडा झाला! संसारात असे धागे जुळत नाहीत. मी तिला म्हटले, नाक टोचल्याने आणि फ्रॉक घातल्याने हे होत असते, तर आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात निम्मा महाराष्ट्र असाच झाला असता. मूल जगावे म्हणून मुलग्यांची नाके टोचायची, दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवायची, हे घरोघर चाले. ते धोंडू आणि दगडू मोठे होऊन मिशांना पीळ देत फिरले. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, आयुष्यभर रंगभूमीवर शालू नेसले आणि घरी गृहस्थाश्रम केला. वेशाने आतले माणूस बदलत नाही. बदलत असते तर या लेकराचे केस इतक्या वेळा कापले, ते तरी बदलले असते.

पण लहानपणाचा काहीच संबंध नाही, असेही मी तिला म्हटले नाही. कारण ते खरे नव्हे. इथे तीन निरनिराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते.

माझ्याच बालवाडीतली एक मुलगी सारखी म्हणे, "मले पोरगा व्हायचं." तिच्या भावाला दूध मिळे, हिला चहा, भाऊ नदीवर जाई, ही भांडी घाशी. तिला मुलगा व्हायचे नव्हते, तिला नदीवर जायचे होते. पुढे सायकल मिळाली, शाळा मिळाली, आणि आज ती एस.टी.त कंडक्टर आहे. त्या हट्टाची आठवण काढली की खळखळून हसते. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. त्या साऱ्यांची नावे 'नकुसा' होती. जिला जन्मतःच नकोशी म्हणून हाक मारली, तिने मुलगी असण्याचा कंटाळा केला तर तो दोष त्या हाकेचा. २०११ च्याच जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली भरल्या. अशा प्रदेशात मुलीला मुलगा व्हावेसे वाटणे यात गूढ ते काय? तिथे घराने आपली वागणूक बदलली की दुखणे ओसरते.

त्याच बीड जिल्ह्यातली दुसरी गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. माजलगावकडच्या ललिता साळवे पोलीस दलात शिपाई होत्या. मुलगी म्हणून वाढलेल्या या तरुणीच्या शरीराची घडणच वेगळी असल्याचे मोठेपणी तपासणीत निघाले. शस्त्रक्रियेसाठी २०१७ मध्ये त्यांनी रजा मागितली. ती आधी नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये परवानगी मिळाली. मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या. ललिताचे ललित झाले. २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या घरी पाळणा हलला. इथे प्रश्न शरीराच्या घडणीपासूनच होता.

आणि तिसरी गोष्ट आमच्या लेकराची. शरीर मुलग्याचे, त्यात कसली उणीव नाही. सक्ती नाही, सायकलीचा हट्ट नाही. आणि तरी आतून येणारे उत्तर 'ती'. हे कशाने होते याचे एका वाक्यातले उत्तर शास्त्रज्ञांनीही दिलेले नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे. वेगळे असणे हा रोग नव्हे. त्यापायी जो जीव तळमळतो, त्या तळमळीवर उपचार करायचे.

मग लहानपणाचा संबंध कुठे येतो? अशा तरुणांनी बालपणी मारहाण, हेटाळणी, नको ते स्पर्श इतरांहून जास्त सोसलेले असतात, असे परदेशांतल्या अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. ते वाचून काही जण चटकन म्हणतात, पाहा, यातूनच हे झाले! पण मी तो क्रम लहान मुलांत राहून पाहिला आहे. ओट्यावर एकटे बसवलेले लेकरू आधी वेगळे होते. म्हणून त्याला एकटे बसवले गेले. आणि एकटे बसलेल्या लेकराला वाईट माणूस लांबून हेरतो. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या मराठी आत्मकथनात लहानपणी सोसलेल्या अत्याचारांविषयी उघडपणे सांगितले आहे. ते प्रत्येक आईबापाने वाचावे, कारण त्यात मुलांना जपण्याचा धडा आहे. एखाद्याच्या मनात जुनी जखम आणि ही अस्वस्थता एकमेकींत गुंतलेल्याही असतील. ती गाठ जाणत्या डॉक्टरने सावकाश सोडवावी. धुरीने ती सुटत नाही.

घराच्या वागण्याने काय घडते, याचा एक आकडा मला विसरता येत नाही. अमेरिकेत केटलिन रायन या बाईंनी २१ ते २५ वयाच्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांचा अभ्यास करून तो २००९ साली प्रसिद्ध केला. ज्यांना वाढत्या वयात घरच्यांनी फार झिडकारले होते, त्यांच्यात जीव देण्याच्या प्रयत्नाचे प्रमाण फारसे न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट निघाले. ती मुले आमच्या लेकराहून वेगळी, देशही दूरचा. पण झिडकारणे सगळीकडे सारखेच लागते. तेव्हा आईला मी इतकेच सांगितले: बालपणाने तुमचे लेकरू असे घडवले नाही. ते होतेच. पण असे असून जगणे सोपे होईल की असह्य होईल, हे मात्र बालपणीच बरेचसे ठरते. बाटलीतल्या पाण्याची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा तिला कळली. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

मग तिने हळूच विचारले, "अशायचं पुढं होते काय, बाई?" टाळ्या वाजवत फिरणारी माणसे तिने शेगावच्या रेल्वेस्टेशनात पाहिली होती, तिची भीती तिथे अडकलेली. मी तिला गौरी सावंतांविषयी सांगितले. पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जन्म. तरुणपणी घर सुटले. पुढे मुंबईत आपल्यासारख्यांसाठी संस्था काढली, एका पोरक्या मुलीची आई झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी जो निकाल दिला आणि अशा माणसांचा स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, त्या प्रकरणात त्याही अर्जदार होत्या. मग २०१९ मध्ये संसदेने कायदा केला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची तरतूद केली. आणखी जवळचे सांगायचे तर जळगावचे. आमचे शेजारचे जळगाव-जामोद नव्हे, खानदेशातले. तिथल्या भादली बुद्रुक गावी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिलांच्या जागेवर चालणार नाही म्हणून नाकारला होता. औरंगाबाद खंडपीठाने तो चालतो असे सांगितले आणि २०२१ च्या जानेवारीत गावाने त्यांना निवडून दिले. गाव! ज्या गावाच्या नावाने आपण भितो, तेच गाव. "मतं देल्ली लोकायनं?" आईने दोनदा विचारले.

शाळांचे मात्र अजून कोडेच आहे. अशा मुलांना वर्गात कसे सामावून घ्यावे याची शिक्षकांसाठी एक पुस्तिका एन.सी.ई.आर.टी.ने २०२१ मध्ये तयार केली आणि त्यावर आक्षेप येताच ती लगोलग मागे घेतली. म्हणजे गुरुजींच्या हाती पुन्हा मुलींच्या रांगेत बसवण्याची शिक्षाच उरली. पुस्तिका येईल तेव्हा येवो. मुतारीला कडी लावणे, पडलेल्या नावाने हाक मारणाऱ्याला थांबवणे आणि कोरी राहिलेली पाण्याची बाटली ओळखणे यासाठी कोणत्याही पुस्तिकेची गरज नसते.

जाताना आई दारात थबकली. "तिले काय म्हनू व बाई? 'तो' म्हनू का 'ती' म्हनू? जीभ वळत नाई." मी म्हटले, "आजी काय म्हणत होत्या?" ती काही बोलली नाही. "येतो व बाई," म्हणून उतरली. पण बोलता बोलता 'त्याले'चे 'तिले' झाले होते, हे तिच्या ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे.

आता दिवाळीचे सांगते. या घरी सख्खी बहीण नाही. भाऊबीजेला चुलत बहीण येई. दोन पाट मांडले जात. धाकटा ऐटीत बसे. थोरले लेकरू पाटावर बसायचे टाळी आणि तबकापाशी घुटमळे. निरांजनात तूप घाल, सुपारी सारखी कर, अक्षता निवड. एकदा त्याने तबक उचलून धाकट्यापुढे धरले, तर बापाने ते हातातून काढून घेतले होते. त्यानंतर त्या घरी भाऊबीज धड झालीच नाही. ती पुण्याला गेल्यापासून तर एकच पाट मांडतात.

यंदा ती येणार आहे. सहा वर्षांनी, साडी नेसून, दिवसाढवळ्या एस.टी.ने. आईने कळवले आहे, ये. बापाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पण परवा तो न्हाणीघराच्या दाराची मोडलेली कडी बसवून घेत होता, असे आई सांगत होती. धाकटा आता शेगावला आय.टी.आय. करतो. त्याने आईला विचारले, "मले कोन ओवाळन यंदा?" आई म्हणाली, "तूच सांग." त्याने अजून सांगितलेले नाही. चुलत बहिणीला यंदा बोलावू नको, एवढे मात्र तो म्हणाला आहे.

संपादकांच्या घाईमुळे दिवाळी अंकाचा मजकूर दिवाळीच्या कितीतरी आधी पाठवावा लागतो. मी हे लिहिते आहे तेव्हा शेतात कपाशीची बोंडे फुटायची आहेत आणि गल्लीत भुलाबाईची गाणी चालू आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज उजाडायची असेल किंवा उलटूनही गेली असेल. त्या घरात पाट मांडला गेला का, त्यावर कोण बसले आणि तबक कोणाच्या हाती होते, हे मला आज ठाऊक नाही. आईने मात्र बाजारातून तबक नवे आणून ठेवले आहे.